खोक्यावरचे आकडे आणि मैदानावरचे मूल

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे वारे वाहू लागतात. मैदानावर फक्की पडते, खो-खोचे खांब उभे राहतात, कबड्डीच्या चटया झटकल्या जातात. त्याच सुमारास पालकांत आणि शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो. मुलांच्या खेळाचे चांगले फोटो यायचे असतील तर कॅमेरा कोणता घ्यावा? पालक स्वतःच्या खिशातून, तर शाळा बहुधा स्नेहसंमेलनाच्या शिलकीतून किंवा पालकांच्या वर्गणीतून कॅमेरा घेते. रक्कम लहान नसते. आणि निर्णय बहुतेक वेळा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या दोन-तीन आकड्यांवर होतो.

पुस्तकाची समीक्षा करतात, नाटकाची करतात. खोक्यावरच्या मजकुराची मात्र कोणी करीत नाही. वस्तुतः हा मजकूर लाखो लोक वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवून पैसे मोजतात. म्हणून या लेखात आम्ही त्याचीच समीक्षा करणार आहोत. हा मजकूर खोटा आहे असा आमचा आरोप नाही. त्यातले आकडे सहसा खरे असतात. आमचा आक्षेप एवढाच, की धावत्या मुलाचा फोटो ज्या आकड्यांवर ठरतो ते बारीक अक्षरांत असतात किंवा नसतातच, आणि ज्यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही ते ठळक असतात. हे पटवून द्यायला दहावीपर्यंतचे गणित आणि पदार्थविज्ञान पुरते.

मेगापिक्सेलची महती

पहिला ठळक आकडा मेगापिक्सेलचा. चित्र किती लाख ठिपक्यांचे बनले आहे, हे तो सांगतो. येथे पहिली फसगत गणिताची होते. १२ मेगापिक्सेलवरून ४८ वर गेलो की चित्र चौपट बारकाव्याचे झाले असे वाटते. पण ठिपके क्षेत्रफळावर पसरलेले असतात. लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी ते दुप्पटच होतात. चौपट म्हणून विकले जाते ते बारकाव्याच्या दृष्टीने फार तर दुप्पट असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सातवी-आठवीतले मूल १०० मीटर १५ सेकंदांत धावले, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६.७ मीटर होतो. शटर १/६० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात ते ११ सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे जवळजवळ स्वतःच्या चेहऱ्याच्या रुंदीइतके! शटरचा वेळ १/२५० सेकंद असेल तर २.७ सेंमी, १/५०० असेल तर १.३ सेंमी आणि १/१००० असेल तर ०.७ सेंमी. पायांची अवस्था याहून कठीण. जमिनीला टेकलेले पाऊल क्षणभर स्थिर असते, म्हणून हवेतल्या पावलाला ती भरपाई करावी लागते आणि ते धडापेक्षा पुष्कळच वेगाने पुढे येते.

आता समजा, १० मीटरवरून ४.७ मीटर रुंदीचे दृश्य २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने टिपले. आडव्या ओळीत ६००० ठिपके, म्हणजे प्रत्येक ठिपका पाऊण मिलिमीटरहून किंचित मोठ्या भागाचा. बारकावा उत्तम! पण शटर १/६० सेकंदाचे असेल, तर ११ सेंमीची फरफट सुमारे १४० ठिपक्यांवर पसरते. त्याऐवजी ६ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर ती ७० ठिपक्यांवर पसरेल. चेहरा दोन्ही चित्रांत सारखाच पुसलेला असेल. पहिल्यात तो पुसल्याचा तपशील दुप्पट बारकाईने नोंदला जाईल एवढेच.

इतिहासातही याचा दाखला आहे. घोडा चौखूर उधळतो तेव्हा चारही खूर एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, असा वाद एकोणिसाव्या शतकात होता. लेलंड स्टॅनफर्ड या अमेरिकन धनिकाच्या आश्रयाने एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यांना अतिशय जलद शटर बसवले. मिळालेली चित्रे जवळजवळ सावल्यांसारखी होती. घोडेस्वाराचा चेहराही त्यांत नीट दिसत नाही. पण वाद मिटला. चारही खूर सुटतात, आणि ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, चित्रकार दाखवीत तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे. हे काम अत्यल्प वेळाच्या शटरने आणि भरपूर उन्हाने केले. चित्रातला बारकावा बेताचाच होता.

गुणिलेचे एक चिन्ह, तीन अर्थ

दुसरा ठळक आकडा झूमचा. ‘३×’, ‘१०×’, ‘६०×’ असा तो लिहितात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे विचारावे, कशाच्या कितीपट?

दुर्बिणीवर ८× लिहिले असेल तर वस्तू नुसत्या डोळ्यांना दिसते त्याच्या आठपट कोनात दिसते, असा अर्थ असतो. कॅमेऱ्याच्या झूम-भिंगावर हे चिन्ह सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान नाभीय अंतरांचे गुणोत्तर सांगते. २४ ते ७२ मिमी हे भिंग ३× आणि ७० ते २१० मिमी हेही ३×. पहिल्यात सगळे मैदान मावेल, दुसऱ्यात एकटा खेळाडू. गुणोत्तर एकच, कामे वेगळी. मोबाइल फोनवर आणखी तिसराच अर्थ. तेथे ‘३×’ म्हणजे त्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या तिप्पट. शिवाय ‘डिजिटल झूम’ म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे. हे कात्रीनेही करता येते. एका चिन्हाचे इतके अर्थ लावायला कोणताही शिक्षक विद्यार्थ्याला परवानगी देणार नाही.

खरा प्रश्न आपण सरळ समरूप त्रिकोणांनी सोडवू शकतो. वस्तू दूर असताना

नाभीय अंतर ÷ सेन्सरची रुंदी = खेळाडूपर्यंतचे अंतर ÷ दृश्याची रुंदी.

हौशी वापराच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर २३.५ मिमी रुंद असतो. चढाई करणारी मुलगी आणि तिला घेरणाऱ्या दोघी-तिघी चित्रात याव्यात म्हणून ३ मीटर रुंदीचे दृश्य हवे असे धरू. कबड्डीचे मोठे मैदान १३ × १० मीटरचे असते. कडेपासून थोडे मागे बसलेल्या पालकाला मैदानाचा मध्य १० मीटरवर असतो. म्हणून लागणारे नाभीय अंतर सुमारे ७८ मिमी. खो-खोचे मैदान २७ × १६ मीटरचे. पलीकडच्या कडेचा खेळाडू २० मीटरवर धरला तर सुमारे १५७ मिमी. फुटबॉलमध्ये ५० मीटरवरचा खेळाडू टिपायचा तर सुमारे ३९० मिमी. आपल्या शाळांतून सर्वाधिक खेळले जाणारे खेळ आखूड मैदानांचे आहेत. त्यांना ६०× ची गरजच नाही. हे गणित खोक्यावर नसते. ते खरेदीपूर्वी कागदावर पाच मिनिटांत होते.

बारीक अक्षरांतला आकडा

आता ज्याला आम्ही खरा आकडा म्हणतो तो पाहू. तो भिंगाच्या कडेवर असतो आणि ‘१:२.८’, ‘१:३.५–५.६’ किंवा ‘एफ/१.८’ असा लिहितात. नाभीय अंतराला भिंगाच्या मोकळ्या छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो. २०० मिमीचे भिंग एफ/५.६ असेल तर छिद्राचा व्यास सुमारे ३६ मिमी, आणि एफ/२.८ असेल तर सुमारे ७१ मिमी. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, म्हणून प्रकाशही चौपट. आकडा लहान तेवढे भिंग उदार. मोठ्या काचेमुळे अशी लांब भिंगे जड आणि महाग होतात.

भर उन्हात याचे महत्त्व कळत नाही. फिल्मच्या काळातला नियम असा, की स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ ठेवले तर शटरचा वेळ सेकंदाचा ‘आयएसओ’वा भाग ठेवावा. आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. एफ/५.६ वर आठपट प्रकाश येतो, म्हणून शटर १/८०० सेकंदावर नेता येते. धावत्या मुलासाठी हे ठीक आहे. म्हणजे सकाळच्या उन्हात, मैदानाच्या कडेला उभे राहून, साधे भिंग किंवा जवळच्या खेळाडूसाठी फोनसुद्धा उत्तम काम करतो. फोनची अडचण अंतराची. ३० मीटरवरचे दीड मीटरच्या आतबाहेरचे मूल त्याच्या मुख्य कॅमेऱ्यात चित्राच्या उंचीचा विसावा भाग व्यापते.

खरी कसोटी सभागृहात लागते. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. दिव्यांनी उजळलेल्या सभागृहात ३०० लक्स असला तरी डोळ्यांना लख्ख वाटते, कारण डोळा सहज जुळवून घेतो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने प्रकाश तीनशेपटींहून अधिक घटलेला असतो. ३०० लक्स आणि आयएसओ १६०० धरून प्रकाशमापकाच्या नेहमीच्या सूत्राने हिशोब केला, तर एफ/५.६ ला शटरचा वेळ १/६० सेकंद येतो. म्हणजे वर पाहिलेली ११ सेंमीची फरफट. एफ/२.८ ला १/२५० सेकंद. आणि एफ/१.८ ला जवळजवळ १/६०० सेकंद. फरफट ११ सेंमीवरून सव्वा सेंमीच्या आत येते. ५० मिमी एफ/१.८ हे बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याला झूम नाही, म्हणून खोक्यावर मिरवायला काही नाही.

आमच्या परिचयाच्या एका शाळेने पालकांच्या वर्गणीतून ६०× झूमचा कॅमेरा घेतला. आंतरशालेय कबड्डी सभागृहात झाली. दोनशेहून अधिक फोटोंत पंच, पाहुणे आणि फलक तेवढे स्पष्ट आले. खेळाडू एकूणएक पुसट. दोष फोटो काढणाऱ्या शिक्षकांना देण्यात आला. वास्तविक त्यांच्या हातात जे यंत्र होते त्याला एवढ्या प्रकाशात खेळाडू स्थिर टिपणे शक्यच नव्हते.

‘आयएसओ वाढवा’ असा सल्ला यावर मिळतो. तो अंशतः बरोबर आहे. पण आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. आलेल्या थोड्या प्रकाशाचा संकेत फक्त मोठा केला जातो. प्रकाश कणांनी येतो, आणि सरासरी १०० कण येणार असतील तर त्यांत १० इकडेतिकडे होतात, म्हणजे १० टक्के. १०,००० येणार असतील तर १०० इकडेतिकडे, म्हणजे फक्त १ टक्का. चित्रातली खडबडीत रवाळी ती हीच. म्हणून सेन्सरचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. लांब झूमच्या लहान कॅमेऱ्यांत सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी असतो, तर वर उल्लेखिलेला २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ सुमारे तेरापट.

आणि येथे खोक्याची भाषा सर्वांत गोंधळाची होते. ‘१ इंच सेन्सर’ प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचा असतो. त्याचा कर्णही १६ मिमीच्या आत भरतो. त्यात २५.४ मिमी लांबीचे काहीच नाही. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आले. नळ्या गेल्या, नाव उरले. चौरस मिलिमीटर लिहायला फारशी जागा लागली नसती.

स्थिरीकरण आणि चित्रांची बरसात

‘कंपन-रोधक’ किंवा ‘स्थिरीकरण’ हा शब्दही पालकांना भुलवतो. ही योजना फोटो काढणाऱ्याचा हात हलतो त्याची भरपाई करते. देवळाचा कळस संध्याकाळी टिपायला ती फार उपयोगी. पण समोरचे मूल पळत असेल तर ती काही करू शकत नाही. उलट मागची भिंत स्पष्ट आणि मूल पुसट, असे चित्र देते. ही दोन वेगवेगळी हालचालींची कारणे आहेत, हे खोक्यावर कोठेही लिहिलेले नसते.

सेकंदाला १० किंवा २० चित्रे, हा आणखी एक दावा. त्याचा उपयोग आहे. माणसाची प्रतिक्रिया यायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात धावणारे मूल सव्वा मीटर पुढे गेलेले असते. ओळीने चित्रे घेतली तर त्यांतले एखादे नेमके सापडते. पण सेकंदाला १० चित्रे घेताना दोन चित्रांत ते मूल ६७ सेंमी सरकते, आणि ताशी १०० किमी वेगाचा क्रिकेटचा चेंडू जवळजवळ २.८ मीटर. बॅटला चेंडू लागण्याचा काळ मिलिसेकंदाच्या घरातला. तो क्षण बरसातीत सापडला तर नशिबाने सापडतो. आणि प्रत्येक चित्राचे शटर १/६० सेकंदाचे असेल, तर एकाऐवजी वीस पुसट चित्रे मिळतात.

अखेर, खेळाच्या फोटोत ज्याला फार महत्त्व आहे तो गुण कोणत्याच आकड्यात मावत नाही. आपल्याकडे धावत येणाऱ्या मुलावर भिंग आपोआप केंद्रित राहते का? एफ/१.८ चे ८५ मिमी भिंग १० मीटरवर जेमतेम एक मीटर खोलीपर्यंतच स्पष्ट चित्र देते. मूल ते अंतर १/७ सेकंदात ओलांडते. ‘केंद्रबिंदू ४००’ असे लिहून हा प्रश्न सुटत नाही. कॅमेऱ्यांच्या परीक्षणांतही भिंतीवरचे स्थिर तक्ते टिपून गुण देण्याची प्रथा आहे. तक्ता धावत नाही. परीक्षा एका विषयाची आणि प्रमाणपत्र दुसऱ्याचे, असा हा प्रकार.

मग निवड कशी करावी?

प्रथम आपले मूल कोणता खेळ, कोठे आणि कोणत्या वेळी खेळते ते लिहावे. मग बसण्याच्या जागेपासूनचे अंतर पावलांनी मोजून वरच्या गुणोत्तराने नाभीय अंतर काढावे. खेळ उन्हात असेल तर साधे ५५–२०० किंवा ५५–२५० मिमीचे झूम, एफ/५.६ असले तरी, पुरते. खेळ सभागृहात असेल तर भिंगे बदलता येणारा कॅमेरा आणि ५० किंवा ८५ मिमीचे एफ/१.८ भिंग घ्यावे, आणि झूमची उणीव दोन पावले पुढे सरकून भरून काढावी. पैसे कमी असतील तर कॅमेरा जुना, वापरलेला चालेल. भिंग उदार असावे. मात्र ते भिंग त्या कॅमेऱ्यावर आपोआप केंद्रित होते की नाही, हे आधी बघून घ्यावे. दुकानातला प्रकाश बहुधा सभागृहासारखाच असतो. तेथेच शटर १/५०० वर ठेवून आपल्याकडे झपाझप चालत येणाऱ्या माणसाचे दहा फोटो काढून पाहावेत. त्यातले किती स्पष्ट आले, हा आकडा खोक्यावरच्या सर्व आकड्यांहून बोलका आहे.

ज्यांना काहीच विकत घेणे शक्य नाही त्यांनीही निराश होऊ नये. उडीच्या माथ्यावर उभ्या दिशेचा वेग शून्य असतो. चढाईहून परतताना खेळाडू क्षणभर थांबून वळतो. खो-खोत खांबाला वळसा घालताना धावणाऱ्याचा वेग घटतो. अशा क्षणांची वाट पाहणाऱ्याला १/१२५ सेकंदातही चांगले चित्र मिळते. समोरून येणारा खेळाडू चित्रात आडवा सरकत नाही, म्हणून बाजूला उभे राहण्यापेक्षा त्याच्या समोरच्या टोकाला उभे राहणे केव्हाही फायद्याचे. खेळ जाणणारा पालक साध्या फोनने जे टिपेल ते खेळ न जाणणारा महागड्या यंत्राने टिपू शकणार नाही.

वर्गातही याचा प्रयोग करता येईल. शटरचा वेळ हाताने ठरवता येईल असा कॅमेरा किंवा फोन घ्यावा. भिंतीवर मीटरपट्टी लावून तिच्यासमोर, अगदी जवळून, चेंडू एक मीटर उंचीवरून सोडावा. जमिनीलगत त्याचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो. १/६० सेकंदात त्याची फरफट सुमारे ७.४ सेंमी आणि १/५०० सेकंदात ०.९ सेंमी यायला हवी. विद्यार्थ्यांनी फोटोवरून ती मोजावी (चित्रातल्या पट्ट्याच्या लांबीतून चेंडूचा व्यास वजा करावा) आणि यंत्रावर लिहिलेला वेळ खरा आहे का ते स्वतः ताडून पाहावे.

उत्पादकांकडे आमचे मागणे साधे आहे. खोक्यावर एक ओळ वाढवावी: ‘३०० लक्स प्रकाशात, झूम पूर्ण लांबवून, आयएसओ १६०० ला शटरचा वेळ इतका.’ एवढी एक ओळ छापली तर पालकाला मेगापिक्सेल आणि गुणिलेची चिन्हे वाचण्याची गरज उरणार नाही. ती छापली जाईपर्यंत हे गणित आपल्यालाच करावे लागेल. दहावीच्या विद्यार्थ्याला ते येते, आणि शाळेने कॅमेरा घ्यायचे ठरवले तर दुकानात जाणाऱ्या मंडळींबरोबर अशा दोन विद्यार्थ्यांना कागद-पेन्सिल देऊन जरूर न्यावे.